बाबांची उतरती फळी

नंदाखाल,
रविवार, संध्याकाळ

प्रिय बाबा,

आज तळ्यावरून घरी आले, पायरीशी वहाणा काढल्या आणि सवयीने अंगणातूनच ओरडले, "बाबा, ऐकलंत का!" ओरडून झाल्यावर जीभ चावली. आईने चुलीपाशी बसूनच उत्तर दिलं, "ते काय ऐकतात आता? मना सांग."

मग तिला सांगितलं. अगदी पहिल्यापासून सांगितलं. तिने ऐकलंही, नाही असं नाही. पण ऐकता ऐकता दोनदा भातावरचं झाकण उचलून पाहिलं, आणि ऐन शर्यत रंगात आली तेव्हा विचारलं, "मंग तिकडं काय खाल्लंस की उपाशीच?" आता तुम्हीच सांगा, असल्या श्रोत्यापुढे कोणी काय रंगवायचं? म्हणून कागद घेतला.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. या वर्षात तुमच्याशी बोलावंसं वाटलं नाही असा दिवस गेला नाही, पण पत्र काही लिहिलं नाही. बोलणं मनातल्या मनात होतं. भांडण मनातल्या मनात होत नाही, त्याला समोर माणूस लागतं. आणि आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. विषय कोणता ते तुम्ही ओळखलंच असेल. फळी!

आठवतं ना, कुठून लागलं ते वेड? मी आठवीत होते. केळी विकायला मुंबईला गेलात आणि येताना आईने सांगितलेलं सगळं सामान विसरून, डोळे लकाकत घरी आलात. कोणीतरी तुम्हाला पोहण्याच्या शर्यती बघायला नेलं होतं. "केवढा हौद! काठावर दगडी कट्टे, कट्ट्यावर पोरं उभी. शिट्टीच्या आधी सगळी पुढं वाकून राहतात. मी म्हटलं, मानूस कशाला वाकतो? फळीच वाकवली तर?"

आई म्हणाली, "आधी हळद कुठं हाय ते बोला."

दुसऱ्याच दिवशी पास्कू सुताराला बोलावलंत. आपल्या वाडीतल्या तळ्याच्या, बावखलाच्या काठावर चार खांब रोवून घेतलेत. कमरेएवढ्या उंचीवर आंब्याची जाड फळी. इथवर ठीक होतं. पण फळी ठोकायची ती पाण्याच्या बाजूला उतरती, घराच्या कौलांना असतो तेवढा उतार देऊन! बिचारा पास्कू फळीकडे एका डोळ्याने बघत म्हणाला, "इनासभाऊ, ही तर पडली हाय." तुम्ही म्हणालात, "पडली नाय, पाडलीय." पुढच्या कडेला काथ्याची दोरी गुंडाळलीत, पायाची बोटं अडकवायला, आणि मला हाक मारलीत.

मला म्हणजे कोणाला? जी पोरगी कळायला लागल्यापासून त्या बावखलात मासोळीसारखी पोहत होती, तिला. आणि शिकवणारे कोण? तर गुडघ्याच्या वर पाणी आलं की ज्यांना शेजाऱ्याशी बोलायचं काम आठवायचं, ते! बाबा, तुम्हाला पोहता येत नव्हतं, हे नंदाखालमध्ये सगळ्यांना माहीत होतं. तुम्हीच तेवढे ते विसरला होतात.

तुम्ही काठावर घमेलं पालथं घालून बसायचात, पाय पाण्यात, हातात काठी, शेजारी रॉकेलचा रिकामा डबा. "तयार" म्हटलं की मी वाकायचं. डबा वाजला की उडी. पण तुमच्या त्या घसरगुंडीवर कोण उभं राहणार! डबा वाजायच्या आत मी पाण्यात. "परत!" पुन्हा चढायचं, पुन्हा वाकायचं, पुन्हा धप्प. "परत!" आई धुणं घेऊन आली की मला बघून म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हनतात. ह्यांनी तर हौसेनं अंगणच वाकडं केलं!"

महिना-दीड महिना मी रोज तुमच्यावर चिडले. मग हळूहळू उभं राहता यायला लागलं. पायाची बोटं दोरीत रुतवायची, मांड्या आवळायच्या, पोट आत घ्यायचं आणि श्वास धरून पुतळ्यागत थांबायचं. डबा वाजेपर्यंत हलायचं नाही.

आणि मग ती मुंबईची शर्यत. बैलगाडीने स्टेशनापर्यंत, तिथून गाडी. तुमच्या डोक्याला टोपी, माझ्या पिशवीत आईने शिवलेला तो गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख, ज्याची मला मरणाची लाज वाटत होती. हौदाचे कट्टे सपाट होते. साधे, सपाट, दगडी. मी त्यावर पाय ठेवला आणि मला हसूच आलं. स्वयंपाकघराच्या जमिनीवर उभं राहिल्यासारखं वाटलं हो! आजूबाजूच्या मुली डुलत होत्या, हात मागे-पुढे करत होत्या. मी गप्प उभी. शिट्टी झाली, आणि सपाट दगडाला पायाने जो काही रेटा दिला, तो आजही तळव्यांना आठवतो. डोकं वर काढलं तेव्हा माझ्या पुढे कोणी नव्हतं. शेवटी एका उंच मुलीने मला गाठलं आणि मी दुसरी आले, पण निम्म्या हौदापर्यंत मीच पुढे होते.

बाहेर आले. दात वाजत होते. तुम्ही टॉवेल घेऊन धावत आलात. आणि काय म्हणालात? "बघितलंस? फळी!"

बाबा, हे एक मात्र मी तुम्हाला कधी बोलले नाही, ते आज बोलते. गावात तुम्ही पुढची कित्येक वर्षं ती शर्यत सांगितलीत. मिस्साची प्रार्थना संपल्यावर देवळाच्या दारात सांगितलीत, लग्नाच्या मांडवात सांगितलीत, पानवेलीच्या मळ्यात मजुरांना सांगितलीत. प्रत्येक वेळी जिंकली ती फळी. "असा उतार दिला, असा काथ्या गुंडाळला." पोहली कोण, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं! एकदा तरी म्हणायचं होतंत, "आमची फिलू छान पोहते." मी जेवताना मुद्दाम वाद उकरून काढायची, तो कशासाठी असं तुम्हाला वाटायचं?

वाद मात्र झकास व्हायचा. मी म्हणायची, जोर द्यायला पायाखाली जमीन लागते. सपाट कट्ट्यावर पाय रुततो, म्हणून उडी लांब जाते. तुम्ही म्हणायचात, उतारावर अंग आधीच निघालेलं असतं, फक्त सोडायचं बाकी. मी म्हणायची, मी पुढे गेले ती सपाट दगडावरून. तुम्ही म्हणायचात, शिकलीस ती उतरत्या फळीवरून. बोंबलाचं कालवण गार व्हायचं आणि निकाल काही लागायचा नाही. मागच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात, वाद तसाच राहिला.

आता आजचं ऐका.

आमच्या शाळेने यंदा मुलींच्या पोहण्याच्या शर्यतीत भाग घ्यायचं ठरवलं. शिकवायला कोण? अर्थात मी. शर्यत आगाशीकडच्या तळ्यावर, आसपासच्या शाळांची. मी सरावासाठी पास्कूकडून कट्टे करून घेतले आणि त्याने विचारायच्या आत सांगितलं, "सपाट." तो हसला. "इनासभाऊ असते तर..." म्हणाला आणि कामाला लागला.

शर्यतीसाठी निवडलेल्या चौघींमध्ये एक काशी आहे. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली, तेरा वर्षांची, काटकुळी, आणि पाण्यात पडली की बाकीच्या मुली काठावर उभ्या असल्यासारख्या वाटाव्यात इतकी वेगवान. पण पाण्यात पडायची कशी? नाक चिमटीत धरून, पाय खाली, उभीच्या उभी! बुडुक्! बाकीच्या मुली तोवर कुठल्या कुठे. वर येऊन ती त्यांना गाठायची खरी, पण शर्यतीएवढ्या अंतरात गाठणं पुरं व्हायचं नाही.

आमच्या मोठ्या बाई एक दिवस बघायला आल्या आणि म्हणाल्या, "फिलोमिनाबाई, ही काय विहिरीत उडी टाकायची स्पर्धा आहे? शाळेचं हसं होईल. शुक्रवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर चौघींत दुसरी घ्या."

काशीने ते ऐकलं. ओला परकर पिळता पिळता तिने इतका पिळला की मला वाटलं आता फाटतो. त्या मुलीचा जीव शर्यतीत अडकला होता, बाबा. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसते, कविता म्हणताना अडखळते, तिच्या बोलण्याला मुली हसतात. पाण्यात तिला हसायची कोणाची छाती नव्हती.

मी तिला विचारलं, "डोकं आधी घालायला भीती वाटते का ग?"

"भ्या नाय, बाई. आयेनं सांगितलंय. पान्यात डोकं आधी घालायचं नाय. खालती खुंट असतो."

कोळ्यांची जाळी बांधायला समुद्राच्या तळाशी लाकडं रोवलेली असतात, भरती आली की ती दिसत नाहीत. तिच्या काकाने पोरवयात होडीवरून सूर मारला होता. तेव्हापासून त्याची मान वळत नाही, कोणी हाक मारली तर अख्खा माणूस वळतो. त्या घरातली कुठलीही पोर पाण्यात पाय घालून आधी तळ चाचपते, मगच डोकं नेते. मी कोण होते ते चूक म्हणणारी?

तरी मी खटपट केली. काठावर बसवून वाकवलं, गुडघ्यावर उभं करून वाकवलं, हात धरले, रागावले, चिंचा देईन म्हटलं. ती मान डोलवायची, वाकायची, आणि शिट्टी झाली की सरळ होऊन, नाक धरून, बुडुक्! माझ्या सपाट कट्ट्यावर तिचे पाय घट्ट रोवलेले असायचे. घाबरलेल्या माणसाला पायाखाली घट्ट जमीन मिळाली, तर तो कशाला डोकं पुढे टाकेल? हे माझ्या डोक्यात आलं आणि मी तिथेच कपाळावर हात मारला. हसू नका.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिला घरी घेऊन आले. तुमच्या फळीवर आईने गोधड्या वाळत टाकल्या होत्या. त्या काढल्या, कुजलेला काथ्या सोडून नवा गुंडाळला. काशी लांबून बघत होती.

"बाई, ही मोडलीय काय?"

"नाही ग. माझ्या बाबांनी मुद्दाम अशी केलीय."

"कशापाय?"

काय सांगणार? म्हटलं, "ते त्यांना विचारायला हवं."

पण आधी तिला म्हटलं, तुझ्या आईचं खरं आहे, खाली काय आहे ते बघून घे. तर पोरीने बावखलाचा तळ असा काही पालथा घातला की विचारू नका. बुडी मारायची, पायाने चाचपत जायची, वर येऊन श्वास घ्यायची, पुन्हा खाली. एकदा वर आली ती हातात आईचा पितळी तांब्या घेऊन! हो, तोच. ज्याच्यावरून तुम्ही दोन वर्षं बोलणी खाल्लीत. आईने तो पदराने पुसला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "फिलू, ही पोर रोज आन."

मग काशी फळीवर चढली. चढली आणि अर्थातच पडली. दुसऱ्यांदा बोटं रुतवून उभी राहिली. मी डबा वाजवला. तिने नेहमीसारखं सरळ होऊन उभी उडी मारायला बघितलं, पण बाबा, तुमची ती फळी कुठे सरळ होऊ देते कोणाला! पाय मागे राहिले, अंग पुढे निघालं, नाक धरायला नेलेला हात घाबरून पुढे आला, त्याच्या मागून डोकं, आणि काशी सुळकन पाण्यात गेली. वर आली ती नाकातोंडात पाणी जाऊन, खोकत, लालबुंद. मला वाटलं आता रडते. तिने केस मागे सारले आणि फळीकडे असं बघितलं, जणू फळीने तिला शिवी दिली होती.

"परत," ती म्हणाली.

मी "परत" म्हणायच्या आत तीच म्हणाली! मग काय, अंधारून येईपर्यंत आमचा डबा वाजत होता. शेजारचे विचारायला आले, इनासभाऊ परत आले की काय.

शुक्रवारी मोठ्या बाईंसमोर ती माझ्या सपाट कट्ट्यावर उभी राहिली. मला धाकधूक होती, पाय घट्ट मिळाले की पुन्हा नाक धरते की काय. नाही धरलं. डोक्याला एकदा वाट कळली की मग पायाखाली काय आहे याने फरक पडत नसावा. मोठ्या बाई म्हणाल्या, "बरं, घ्या हिला." त्यांच्या तोंडून हे म्हणजे आरतीच.

आणि आज, शर्यत. तळ्यावर ही गर्दी! मी सकाळीच बांबू घेऊन कट्ट्यांसमोरचं पाणी चाचपून घेतलं होतं, खोल होतं, काही लागलं नव्हतं. मुली कट्ट्यांवर चढल्या. पंचांनी शिट्टी ओठांना लावली. तेवढ्यात गर्दीतून एक बाई पायऱ्या उतरत आली, डोक्यावर मासळीची रिकामी टोपली, लुगड्याचा काचा घट्ट मारलेला. काशीची आई, हिरूबाय.

"थांबा. खालती कोनी बघितलं काय?"

"बघितलं आहे, बाई. बाजूला व्हा, शर्यत सुरू होते आहे," पंच म्हणाले.

"तुमी बघितलं आसंल. मी नाय बघितलं." तिने टोपली पायरीवर ठेवली आणि लुगड्यासकट सरळ पाण्यात शिरली. कट्ट्यांसमोर जाऊन पाय खाली, डोकं वर, कोळणीच्या रीतीने बुडाली. लोक हसायला लागले. पंच शिट्टी हातात धरून नुसते उभे. बराच वेळ ती दिसेना. मग वर आली, हातात फुटक्या मडक्याचा भलामोठा तुकडा, एका बाजूला सुरीसारखी धार. तिने तो पंचांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवर, पाणी निथळत ठेवला. हसणं थांबलं. मी तर बांबूने चाचपलं होतं, बाबा!

हिरूबाय काशीकडे वळून म्हणाली, "हां. आता जा."

शिट्टी झाली. मी डोळे मिटणार नाही असं ठरवलं होतं, मिटले नाहीत. काशी गेली. आधी बोटं, मग डोकं, मग सगळी. पाण्यावर नीट आवाजही झाला नाही. वर आली ती सगळ्यांच्या पुढे, आणि एकदा पुढे गेलेली काशी कोणाला सापडते होय? मधली एक मुलगी जिवाच्या आकांताने हात मारत होती, पण पलीकडच्या पायरीला पहिला हात काशीचा लागला. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. मोठ्या बाई म्हणतात, ते शाळेत सांगण्यासारखं नव्हतं.

हिरूबायने तिला आपल्या ओल्या पदराने पुसायला घेतलं, म्हणजे आणखी ओली केली. मी जवळ गेले. कौतुकाचे चार शब्द आपल्याही वाट्याला येतील, असं मनात होतंच, खोटं कशाला बोलू? हिरूबाय विचारत होती, "आसं डोकं घालाया कोनी शिकवलं गो तुना?"

काशी म्हणाली, "बाईंच्या बाबांनी."

बाईंनी नाही. बाईंच्या बाबांनी! ज्यांना तिने उभ्या जन्मात पाहिलं नाही, त्यांनी. शिट्ट्या मी फुंकल्या, डबा मी वाजवला, काथ्या गुंडाळताना बोटं माझी सोलली. आणि मला राग आला नाही, बाबा. आश्चर्य म्हणजे अजिबात आला नाही. मी तिथे उभी राहून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दोन्ही थांबवावंसं वाटत नव्हतं.

हिरूबायने गर्दीत इकडेतिकडे बघितलं. "कुठं हायेत ते?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आज आले नाहीत."

"मंग घरी गेल्यावर सांगा त्यांना," ती म्हणाली. "सांगा, पोर डोकं आधी घालून गेली, आनि वर आली."

सांगितलं, बाबा.

तुमच्या फळीने वेग येतो, हे मला अजून मान्य नाही. आता ते भांडण मी तुमच्याकडे आल्यावर, निवांत, कालवण गार होईपर्यंत. पण एक वचन देते. यापुढे नवी मुलगी आली की तिला आधी तुमच्या फळीवर उभी करीन. आणि तिने विचारलं की ही वाकडी फळी कोणाची, तर तुमचं नाव सांगीन.

तुमची, वादात न हरलेली,
फिलू